नंबरातली धामण

सन एकोणीसशे शहाऐंशी. मी पस्तीस वर्षांचा होतो, आणि माझ्या हातचं धनुष्य मोडलं असं म्हणणारा माणूस तलमडुगूच्या डोंगरापासून पार नदीपर्यंत एकही नव्हता. ही बढाई नाही. आणि असली तरी माझ्या बढाईचं लाकूड चांगलं वाळलेलं आहे, ते कुठं उकलत नाही.

यंदाही माघ आला. सकाळी अंगणात खाटेवर बसलो की डोंगराकडून सागाचं पान गळायचा आवाज येतो. ज्यानं सागाखाली हिवाळा काढला नाही त्याला तो सांगून समजत नाही. पान सुपाएवढं. देठातून सुटलं की फांद्यांवर आपटत, थांबत, परत आपटत खाली येते, आणि भुईवर पडताना कोणी चप्पल काढून घरात शिरावं तसं वाजते. माझे कान आता अर्धे गेले, पण हा आवाज गेला नाही. बायको म्हणते, "सुनेनं हाक मारलेली नाई ऐकू येत तुमाले, झाडाचं पान पडलेलं येते." तिला काय सांगू? हाका वर्षभर आहेत, पान या महिन्यातच पडते.

माघ म्हणजे लाकडाचा महिना. पाऊस केव्हाचाच गेलेला, झाडाचा रस बुडात उतरलेला. शेतात कापसाची शेवटची वेचणी चाललेली असते, बाया कमरेला ओटी बांधून कपाशीच्या ओळींतून पुढं सरकत असतात, आणि सुतार मात्र डोंगराकडं तोंड करून उभा असतो. पावसाळ्यात तोडलेलं लाकूड पाणी पिऊन सुजलेलं असते. वाळताना आतून फाटते, नाहीतर त्याला भुंगा लागतो. माघात तोडावं, तेही अंधाऱ्या पाखात, चांद उतरत असताना. चांदाचा आणि भुंग्याचा काय संबंध, मला माहीत नाही. मी तपासून पाहिलं नाही. माझ्या बापानं पाहिलं होतं, मला तेवढं पुरे.

आमच्याकडं धनुष्याला दोनच लाकडं चालतात. एक भरीव बांबू, दुसरी धामण. बांबूचं धनुष्य कोणीही करते. धामणीचं करायला सुतार लागतो, आणि सुतार करायला धामण लागते, असं माझं मत आहे. झाड दिसायला काही विशेष नाही. करडी साल, खरबरीत पान, गुरं आवडीनं खातात, आंबटगोड बारीक फळं येतात ती पोरं खातात. ज्याला माहीत नाही तो तिच्या खालून रोज जाईल आणि मान वर करणार नाही. पण तिचं कांड पाचरीनं उकललं की आत पिवळसर रेषा दिसतात, विंचरलेल्या केसांसारख्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि वास येतो नव्या चामड्याचा. लाकडातून चामड्याचा वास यावा, याचं मला अजून नवल वाटते. वाकवलं की ती वाकते, आणि सोडलं की तिला आपली जागा आठवते. माणसात एवढा गुण असता तर पंचायती बसल्या नसत्या.

मी तिसरी शिकलो. मास्तर मारायचा म्हणून नाही सोडली शाळा. वाकस हातात बसली म्हणून सोडली. वाकस म्हणजे सुताराची तासणी. शाळेत तीन वर्षांत जे अक्षर सरळ नाही आलं ते वाकसीनं पहिल्याच हिवाळ्यात सरळ आलं.

माझ्या बापाच्या काळी जंगलातून लाकूड असंच यायचं. कोणाला विचारून नाही. नांगर असो, वखर असो, गोंडांची धनुष्यं असोत, ज्याला पाहिजे त्यानं आणावं आणि बापानं तासावं. एकदा जंगलातवाल्यांची धाड आली. जंगलात म्हणजे जंगल खातं, निजामाच्या वेळचा शब्द, आमच्याकडं अजून तोच चालतो. अंगणात ओली धामण पडली होती. ती त्यांनी नेली, आणि सोबत बापाची वाकस नेली. त्यांचं काही चुकलं नाही, लाकूड चोरीचंच होतं. वाकस पुढं परत मिळाली. पण सुताराच्या घरातून वाकस जप्तीत गेली, हे गावानं पाहिलं. आई कितीतरी दिवस विस्तवाला शेजारी गेली नाही, घरचाच राखेखाली झाकून ठेवायची. बाप वारला आणि मी त्याच्या ठिय्यावर बसलो, त्या दिवशी मी एकच गोष्ट ठरवली. नंबर नसलेलं लाकूड या ठिय्यावर चढणार नाही.

नंबर म्हणजे असं. तुम्ही दरखास्त टाकायची, रेंज ऑफिसात चलन भरायचं, साहेबाची मंजुरी मिळाली की बीटगार्ड येतो. तुम्ही दाखवलेल्या झाडाच्या बुडाशी साल तासतो, हातोड्यानं खात्याचा ठसा मारतो आणि त्यावर रंगानं नंबर घालतो. तेवढं एक झाड तुमचं. मुद्दत असते, तेवढ्या दिवसांत तोडायचं. त्याच्या शेजारचं पान तोडलं तरी ते सरकारचं. गावात हे असं करणारा मी एकटा होतो. मला लोक "नंबरवाला" म्हणायचे. पारावर बसलेले म्हातारे विचारायचे, "काय गा नंबरवाल्या, घरच्या उखळाचा नंबर किती?" म्हणोत. माझ्या अंगणात दिवसाढवळ्या धामण पडून असायची आणि जंगलातवाला रस्त्यानं गेला तर मी त्याला बोलावून चहा पाजायचो.

आमच्या गावाच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी गोंडांचा गुडा आहे, गुडा म्हणजे त्यांची वस्ती. तिथला जंगू माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, बुटका, मानेनं जाड, आणि बोलण्यात कुऱ्हाड. त्याच्या घराला गुड्यात एक मान होता. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी गुड्यासमोरच्या मोहाला वाळका भोपळा टांगतात आणि सगळे बाण मारतात. शिकार नाही, नुसता खेळ. पण पहिला बाण जंगूच्या घरचा. त्याच्या आज्यानं मारला, बापानं मारला, मग यानं. आणि तो मारायचा घरच्याच, धामणीच्या धनुष्यानं. उसन्या किंवा बांबूच्या धनुष्यानं मारला तर तो पहिला बाण धरत नाहीत, त्या वर्षीचा मान दुसऱ्या घराला जातो.

शहाऐंशीच्या माघाआधी जो दसरा झाला, त्यानंतर जंगू माझ्या अंगणात आला. काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"काय आनलं गा, जंगूदादा?"

"तुह्या बापाले आनलं," तो म्हणाला आणि फडकं उघडलं. आत धनुष्याचे दोन तुकडे. बापाच्या हातचं होतं. पाऊस खाऊन, धूर खाऊन काळं पडलेलं, मुठीपाशी मोडलेलं. मी तुकडा हातात घेतला तर तासणीच्या खुणा तशाच्या तशा. बापाचा हात थोडा डावीकडं जायचा, तेही दिसत होतं.

"शिमग्याच्या आत पाह्यजे," जंगू म्हणाला.

"दरखास्त टाकतो. मंजुरी आली की करतो."

"दरखास्त? जंगल माह्या बापाचं हाय."

"असन. जंगल तुह्या बापाचं असन. वाकस माह्या बापाची हाय."

तो हसला नाही. पण उठूनही गेला नाही. चुट्टा काढला, पेटवला, अर्धा ओढून मला दिला. म्हणजे कबूल.

मग आम्ही झाड शोधायला निघालो. तो शोध म्हणजे माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली रिकामी हिंड. दव एवढं की धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. सागाचा पाचोळा पायाखाली मोडताना आपलंच बोलणं ऐकू येत नव्हतं, म्हणून दोघंही बोलत नव्हतो. जंगू पुढं, मी मागं. तो झाडाला हात लावायचा, मी सालीकडं पाहायचो. सालीच्या रेघा सरळ वर गेल्या असतील तर आतलं लाकूड सरळ. रेघांना पीळ असेल तर आतही पीळ, आणि ते धनुष्य एक दिवस हातात फिरते. कांड मांडीएवढं, खाली छातीपर्यंत एकही गाठ नको. एकटं उघड्यावर वाढलेलं झाड नको, ते फांद्या फार टाकते. दाटीतलं हवं, ज्याला उन्हासाठी मान वर काढत जावं लागलं असं. किती धामणी पाहिल्या आणि सोडल्या. एक तर इतकी देखणी, आणि मागून पाहिलं तर वाळवी. जंगू म्हणाला, "पाहुण्यांसमोर अशाच पोरी उभ्या करतात."

शेवटी नाल्याच्या वळणावर दोन सापडल्या. शेजारी शेजारी, एका जाडीच्या. वरच्या अंगाची एकदम सरळ, साल गंध लावल्यासारखी. खालची, नाल्याकडची, शेंड्याजवळ किंचित कललेली.

"हीच," मी वरचीवर हात ठेवून म्हटलं.

"ही," जंगूनं खालचीवर ठेवला.

"तिले बाक हाय."

"बाक तं धनुष्याले बी असतेच नं. तिचं अर्धं काम झालं म्हन."

"करनार कोन? तू का मी?"

"ओढनार कोन?"

तिथं आम्ही इतके भांडलो की वरून एक मोर उडून गेला. शेवटी मी म्हटलं, दरखास्त माझ्या नावानं आहे, झाड मी ठरवणार. तो गप्प बसला. गोंड गप्प बसला म्हणजे ऐकलं असं नसते.

आदिलाबादच्या रेंज ऑफिसात माझ्या किती खेपा झाल्या ते मी मोजलं नाही. तालुके मोडून मंडळं झाली होती, कोणता कागद कुठं जाते ते कागदालाही कळत नव्हतं. तिथला कारकून भला माणूस होता. तो म्हणाला, "नांगराचा दांडा म्हणून लिहितो, लगेच होते. धनुष्याला या कागदात रकाना नाही. ते अवजार आहे का हत्यार, हे मी कुठं दाखवू?"

"धनुष्य लिहा."

"अरे बाबा, तुझ्याच सोयीचं सांगतो."

"माझी सोय नको. धनुष्य मागतो, धनुष्य लिहा."

कागद आतमध्ये साहेबाकडं गेला. साहेब तेलुगू होते, पण हिंदी चांगली बोलायचे. मला आत बोलावलं.

"तीर-कमान से किसको मारेगा?"

"भोपळ्याले, साहेब."

त्यांनी कारकुनाकडं पाहिलं. कारकुनानं शिमग्याचं समजावून सांगितलं. साहेबांनी मला पहिला बाण, घराचा मान, सगळं विचारलं. बराच वेळ विचारलं, जसं काही त्यांच्या गावच्या एखाद्या गोष्टीशी ताडून पाहत होते. मग म्हणाले, हत्याराची मंजुरी मी देऊ शकत नाही, पण गावच्या खेळाच्या सामानाची देऊ शकतो, आणि तसं लिहून दस्तखत केली. खाली लाल पेनानं मुद्दत घातली. मी तिथून निघालो तेव्हा कापसाच्या गाड्या बाजाराकडं रांगेत उभ्या होत्या, आणि मला वाटलं, या सगळ्या गाड्यांपेक्षा माझ्या खिशात वजन जास्त आहे.

बीटगार्ड मल्लेश करीमनगरकडचा, हसऱ्या तोंडाचा. त्यानं माझी सरळ धामण पाहिली, बुडाशी साल तासली, हातोडा मारला, नंबर घातला. ठसा खाली, अगदी मुळाजवळ घ्यायला मी सांगितलं. कांडावर हातोड्याचा मार बसला तर तंतू आतून चिरडतो. तो तेलुगूत "सरे, सरे," म्हणजे बरं बरं म्हणाला आणि वाकून तिथंच मारला.

पण मंजुरी आली ती उजेड्या पाखात. चांद चढत होता. मी थांबलो. जंगू रोज येऊन विचारायचा, "काऊन थांबला गा? कागद आला नं?" मी म्हणायचो, "चांद उतरू दे." असं करता करता मुद्दतीचा शेवटचा दिवस उरला. तोच मला पाहिजे होता. अवस जवळ होती, लाकूड उत्तम मिळणार होतं. बायको म्हणाली, "शेवटच्या दिवसावर टाकलं ते शेवटल्या गाडीवर बसलं." मी तिला म्हटलं, शेवटली गाडीही पोचतेच.

आदल्या दिवशी संध्याकाळी जंगूनं आपलं केलं. त्यांच्यात रीत अशी की धनुष्यासाठी झाड तोडायचं तर आधी झाडाला विचारायचं. पळसाच्या पानाचा द्रोण करायचा, त्यात ज्वारीची रास भरायची, झाडाच्या बुडाशी ठेवायची आणि निघून यायचं. मागं वळून पाहायचं नाही. सकाळी रास जशीच्या तशी असेल तर झाडाची हो. सांडली, कमी झाली, तर नाही. मी त्याला कधी हसलो नाही. माझी आई वडाला सूत गुंडाळायची, मी कोण हसणारा? आणि खरं सांगू का, सरकारला विचारायला मी एवढ्या खेपा घातल्या, त्यानं झाडाला विचारायला एक द्रोण घातला, तर त्यात जास्तीचं काय झालं?

सकाळी ऊन पाचोळ्यावर उतरलं तेव्हा मी कुऱ्हाड, करवत, पाचरी घेऊन नाल्यावर गेलो. जंगू आधीच येऊन उकिडवा बसला होता. त्यानं हनुवटीनं दाखवलं.

माझ्या धामणीखालचा द्रोण कलंडलेला होता. एक दाणा नाही. आणि शेजारच्या, कललेल्या धामणीखालीही एक द्रोण होता. त्याची रास भरलेली, वर दव चमकत होतं.

"दोन ठेवले तू?"

"दोघींले विचारलं. तुहीनं नाई म्हटलं. माहीनं हाव म्हटलं."

"मुंग्यांनी नेलं असन."

"हाव, मुंग्यांनीच नेलं."

"मंग?"

"मुंग्यांले धाडलं कोनं?"

मला राग आला. मी म्हटलं, "तुहीच कशी हाव म्हनते गा बरोबर?" बोललो आणि लगेच कळलं की हे बोलायचं नव्हतं. जंगू उठून उभा राहिला. शांतपणे म्हणाला, "सुतारभाऊ, आज शेवटचा दिवस हाय. मले खोटंच बोलाचं असतं तं तुहीनंच हाव म्हटलं असं सांगतलं असतं. तोडून मोकळे झालो असतो."

तेवढ्यात नाल्याच्या काठाला सायकल टेकवून मल्लेश आला, खांद्यावर हातोडा. तोडताना त्याला हजर राहावं लागते, ओंडक्यावरही ठसा मारतात. त्यानं आमची तोंडं पाहिली, जंगूकडून सगळं ऐकून घेतलं, दोन्ही झाडांभोवती एक चक्कर मारली.

"दोनों धामनच है ना?"

"हाव."

"मोटाई?"

"सारखीच."

"फिर क्या? ये नंबर छील देता मैं, उसपे मार देता. साहब के कागद में 'धामन एक' लिखा है. झाड का मुंह नहीं लिखा."

तो काही मागत नव्हता. मनापासून बोलत होता. जंगूनं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यांत शिमगा दिसत होता. मोहाला टांगलेला भोपळा, ढोल, आणि सगळा गुडा थांबलेला, कोणाच्या धनुष्याला आधी दोरी चढते ते पाहत. झाड राजी होतं, गार्ड राजी होता, दोस्त राजी होता. राजी नव्हतो तो मी.

पुष्कळांनी मला पुढं विचारलं, काय बिघडलं असतं रे? काहीच बिघडलं नसतं. तेच तर आहे. ज्यानं काही बिघडत नाही तेवढंच माणूस आधी करतो. माझ्या बापाच्या अंगणातही पहिली धामण अशीच आली असेल, कोणाचं काही न बिघडवता. मी ऑफिसात साहेबासमोर उभं राहून नाल्याच्या वरच्या अंगाची, सरळ, अमुक जाडीची असं सांगितलं होतं. त्यांनी ते ऐकून दस्तखत केली होती. नंबर रंगानं झाडावर असतो, पण आधी तो तोंडानं कबूल केलेला असतो. मल्लेशनं झाडावरचा छिलला असता. माझ्या तोंडातला कोण छिलणार होतं?

"नंबर पडला तिथंच राहीन," मी म्हटलं. "हे तोडीन, नाईतं काहीच नाई."

"मंग तोड तुही," जंगू म्हणाला. "बनव धनुष्य. पन मी नाई ओढनार."

मल्लेश दगडावर बसला आणि डोक्याला हात लावून हसायला लागला. "ऐसे दो आदमी मैंने नहीं देखे. एक सरकार को डरता, एक झाड को डरता."

"मी सरकारले डरत नाई," मी म्हटलं. "डरत असतो तं तुहं ऐकलं असतं. सरकार तूच हाय इथं."

मग मी कुऱ्हाड उचलली. माझ्या धामणीच्या बुडाशी बसलो, पातं लावून पाहिलं. खाली, तिरपा घाव, म्हणजे बुंध्यावर पाणी साचत नाही आणि पुढच्या पावसात नवे कोंब फुटतात. सगळं मला दिसत होतं. पहिला घाव कुठं, शेवटचा कुठं, झाड कोणत्या अंगाला झुकेल. कागद माझा, झाड माझं, हात माझा. तोडलं असतं तर कोणीही मला एक शब्द बोलू शकलं नसतं, आणि धनुष्याला गिऱ्हाईक कुठंही मिळालं असतं.

पण मी साहेबाला सांगितलं होतं ते जंगूच्या घरच्या पहिल्या बाणाचं. त्यासाठी त्यांनी दस्तखत केली होती, दुसऱ्या कशासाठी नाही. ज्याच्यासाठी मागितलं तोच ओढणार नसेल तर नंबरातलं झाड तोडणंही चोरीच झाली. फक्त ठसा मारलेली चोरी. मी कुऱ्हाड पाचोळ्यावर ठेवली.

पानं पडत होती. मग मी भाकरी सोडली, मल्लेशनं डब्यातला भात आणि चिंचेचं लोणचं काढलं, जंगूनं मोहाच्या फुलांचा उकडलेला गोळा आणला होता. दोन धामणींच्या मध्ये तिघं जेवलो. तोडायला आलेली माणसं, आणि एक फांदी मोडली नाही. उन्हं नाल्याच्या पलीकडं गेली तशी मुद्दत संपली. मल्लेश सायकलवर बसताना म्हणाला, "मेरे को रिपोर्ट में क्या लिखना, वो तो बताओ."

"लिहा, झाड उभं हाय," मी म्हटलं.

पुढचं आधी सांगून टाकतो. त्या शिमग्याला पहिला बाण दुसऱ्या घरानं मारला. जंगू गर्दीत मागं उभा होता, हातात काही न घेता, आणि मी त्याच्या शेजारी उभा होतो. लोक माझ्याकडं पाहत होते. गुड्यातल्या एका म्हातारीनं तोंडावर सांगितलं, "बामनाचं सोवळं पाह्यलं व्हतं, सुताराचं आज पाह्यलं." मी मान खाली घातली नाही. जंगू माझ्याशी पाडव्यापर्यंत बोलला नाही. पाडव्याला घरी येऊन कडुनिंबाची पानं खाल्ली आणि म्हणाला, "तुह्या बोलन्याइतकी कडू नाई." तिथून परत सुरू.

माघ सरला होता, म्हणून कललेली धामण पुढच्या माघात तोडली, तिच्याही बुडाशी रीतसर नंबर. जंगूनं परत द्रोण ठेवला होता, आणि मीही सकाळी त्याच्याआधी जाऊन पाहिला, हे त्याला माहीत नाही. पाचरीनं उकलली, टोकांना शेणमाती लावली, चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवली. रोज संध्याकाळी काढून पाहायचो. मग वाकसीनं एकेक पापुद्रा. बाक होता तो मी काढला नाही, पोटात घेतला. जंगू बरोबर होता, तिचं अर्धं काम झालेलं होतं. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. त्यालाही माहीत होतं, त्यानंही विचारलं नाही. बांबूच्या कामटीची दोरी चढवून त्यानं शिमग्याला पहिल्यांदा ओढलं तेव्हा धनुष्य बोललं. करकरलं नाही, बोललं. भोपळा मोहावरून उडाला आणि ढोल सुरू झाला. आणि मी, माझ्या बापाचा मुलगा, सगळ्यांसमोर जमिनीवर मांडी घालून बसलो.

जंगूला जाऊन बरीच वर्षं झाली. ते धनुष्य त्याच्या मुलीच्या घरी आढ्याला टांगलेलं आहे. आता शाळांतून नेमबाजी शिकवतात, ती धनुष्यं कसल्या कसल्या चिकट तंतूंची असतात, हलकी, रंगीत. वाईट नाहीत. पण नाकाजवळ नेली तर कसलाच वास येत नाही. माझी सरळ धामण अजून उभी आहे. सालीनं नंबर हळूहळू गिळला, आता तिथं फक्त एक फुगीर गाठ आहे. मला माहीत आहे म्हणून मला दिसते.

पण माघ आला की मला भोपळा आठवत नाही, ढोलही नाही. आठवते ती मुद्दत संपल्याची संध्याकाळ. मी खांद्यावर कोरडी कुऱ्हाड घेऊन घरी आलो. बायकोनं दारातूनच पाहिलं. मोळी नाही, ओंडका नाही, हातापायाला भुसा नाही. तिनं कंदिलाची वात वर केली, माझं तोंड पाहिलं आणि परत खाली केली. ताटात भाजी वाढताना म्हणाली, "दोस्ताचा मान गेला, तुमचं लाकूड गेलं. राह्यलं काय?"

"झाड राह्यलं," मी म्हटलं.

"आन तुमी?"

"मी कुठं जाऊन राह्यलो?"

झोपायच्या आधी तिनं माझा धुतलेला सदरा काढून खुंटीला टांगला. तिला माझ्याआधी कळत होतं, नेहमीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो सदरा घातला आणि पहिल्या बसनं आदिलाबादला गेलो. चपराशी झाडू मारत होता तेव्हा मी रेंज ऑफिसच्या पायरीवर बसून होतो. साहेब आले. मी मुद्दत संपलेला कागद त्यांच्या टेबलावर ठेवला, सांगितलं की नंबरातलं झाड उभं आहे, माणूस पाठवून पाहून घ्या, आणि त्याच्या शेजारच्या, कललेल्या धामणीची दरखास्त टाकली.